इंजिन सुरू झाले, म्हणजे नीट जुळले का?

घरच्या अंगणात गाडीचे हेड उतरवून गॅस्केट बदलायची किंवा टायमिंग बेल्ट नवा घालायचा, तर सगळी भीती असते ती इंजिन खोलण्याची. काम संपले की शेवटचा बोल्ट आवळायचा, किल्ली फिरवायची आणि इंजिनाने सूर धरला की हात धुवायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. ही रीत चुकीची आहे. इंजिन सुरू होणे एवढेच सांगते की पेट्रोल, हवा आणि ठिणगी साधारण वेळेवर एकत्र आली. कुठला बोल्ट हातानेच फिरवून राहून गेला आहे, कुठली ओ-रिंग बसवलीच नाही, बेल्ट एका दाताने सरकला आहे का, यांतले काहीही त्या सुरावरून कळत नाही. म्हणून जोडणीची तपासणी हे दुरुस्तीचे शेपूट न मानता स्वतंत्र काम मानावे. त्याला स्वतःचा वेळ द्यावा आणि ते किल्लीला हात लावण्याआधी सुरू करावे.

खोलण्यापेक्षा जोडणे अवघड का, हे मानवी चुकांचे अभ्यासक जेम्स रीझन आणि ॲलन हॉब्ज यांनी देखभालीतील चुकांवरील २००३ च्या पुस्तकात एका साध्या उदाहरणाने दाखवले आहे. एका बोल्टवर ओळीने आठ नट चढवलेले आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. ते काढण्याचा क्रम एकच असतो, कारण पुढचा नट निघाल्याशिवाय मागचा निघत नाही. तेच परत चढवताना मात्र क्रम लागू शकतात ४०,३२०, आणि त्यांतला बरोबर एकच. शिवाय एखादा नट राहूनच गेला तर ते वेगळेच. खोलताना वस्तू स्वतः वाट दाखवते, जोडताना ती गप्प असते आणि सगळा भार आठवणीवर पडतो. त्यात झाकण बसले की आतली चूक डोळ्यांआड जाते.

आठवण कशी फसवते याचा दाखला ५ मे १९८३ रोजी अमेरिकेत मिळाला. मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या ८५५ क्रमांकाच्या उड्डाणात १७२ माणसे होती. विमान तीन इंजिनांचे लॉकहीड ट्रायस्टार. आदल्या रात्री तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर, म्हणजे तेलातला धातूचा कीस पकडणारे चुंबकी भाग, बदलले गेले होते. एरवी ते ओ-रिंग चढवलेलेच हातात येत. त्या रात्री स्टोअरमधून आणलेल्या डिटेक्टरना ओ-रिंग नव्हत्या. कामाच्या कार्डावर नव्या ओ-रिंगचा स्पष्ट उल्लेख होता, त्यावर सहीही झाली, पण रिंग एकाही इंजिनात गेली नाही. उड्डाणानंतर तेल गळत गेले. एक इंजिन वैमानिकांनी बंद केले, परतीच्या वाटेवर उरलेली दोन्ही बंद पडली. पहिले बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू झाले म्हणूनच विमान मायामीला सुखरूप उतरले. काम करणारे नवशिके नव्हते. उलट, हे काम त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की रिंग असणारच हे हाताने गृहीत धरले. पुढे दोन इंजिनांवर लांब समुद्रप्रवास करणाऱ्या विमानांसाठी, एकाच तंत्रज्ञाने दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये, हे तत्त्व रूढ झाले. अनुभवी माणसाला तपासणी लागत नाही या आक्षेपाला याहून थेट उत्तर नाही.

मग घरी तपासायचे कसे? पहिला नियम असा की पुरावा भागाकडून घ्यावा, मनाकडून नव्हे. हेडचे बोल्ट उत्पादकाने दिलेल्या क्रमाने, बहुधा मध्यापासून बाहेरच्या बाजूला आणि टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायचे असतात. शेवटचा टप्पा झाला की त्या बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूपर्यंत रंगाची एक आडवी रेघ ओढावी. सगळ्या डोक्यांवर रेघ दिसली तरच काम पूर्ण. रेघ नसलेले डोके लगेच डोळ्यांत भरते, आणि पुढे बोल्ट ढिला झाला तर तुटलेली रेघ तेही सांगते. अंदाजाने आवळणे इथे चालत नाही, कारण पान्यावर लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो आणि बोल्टला ताणायला साधारण दहावा हिस्सा उरतो. आट्यांत गंज किंवा कचरा असेल तर पान्यावर आकडा तोच येतो, पण हेड दाबून धरणारी पकड कमी पडते. बोल्टच्या बंद भोकात तेल किंवा कूलंट साचलेले असेल, तर बोल्ट आत जाताना तो द्रव दबून ब्लॉकलाच तडा जाऊ शकतो. एकदाच वापरायचे, ताणले जाणारे बोल्ट असतील तर जुने परत घालू नयेत.

दुसरी तपासणी सर्वांत मोलाची आहे आणि तिला एक पानाच पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी, गाडी न्यूट्रलला घ्यावी, स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि क्रँकच्या पुलीचा बोल्ट इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने हाताने हळूहळू फिरवावा. पूर्ण दोन फेरे. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर दोन्ही पुल्यांवरच्या खुणा पुन्हा आपापल्या जागी आल्याच पाहिजेत. बेल्टवर छापलेल्या रेघा मात्र जुळणार नाहीत आणि त्याने घाबरू नये, कारण बेल्टच्या दातांचा हिशेब वेगळा असतो. समजा क्रँकच्या पुलीला २० दात आहेत. मग एका दाताची चूक म्हणजे क्रँकचे १८ अंश. एवढ्या फरकाने एखादे इंजिन नुसते मिसिंग करील, एखाद्यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतील. हाताने फिरवताना काही कडक अडले तर तिथेच थांबावे. हाताला जे नुसते अडल्यासारखे जाणवते, ते सेल्फच्या मोटारने वाकून गेले असते.

यानंतर बॅटरीची तार परत जोडावी आणि इंधनाचा व इग्निशनचा पुरवठा तोडून, प्लग अजून बाहेरच ठेवून थोडा थोडा सेल्फ मारावा. सिलिंडरमध्ये कूलंट उतरले असेल तर ते प्लगच्या भोकातून उडून जाते. प्लग लावलेले असते तर तेच पाणी न दबता कनेक्टिंग रॉड वाकवते. ऑइलच्या दाबाचा दिवा विझला की तेल पोचू लागले असे समजावे. मग सगळे जोडून इंजिन सुरू करावे आणि पहिली काही मिनिटे नजर तीन ठिकाणी ठेवावी: ऑइलचा दिवा, गॅस्केटच्या कडा, पाइपांचे क्लिप. हिस्स असा आवाज आणि वरखाली होणारा स्लो बहुधा निसटलेल्या व्हॅक्यूम पाइपाकडे बोट दाखवतो. हीटर गरमवर ठेवून कूलंटमधली हवा काढावी. हवा निघून गेल्यावरही बुडबुडे थांबत नसतील तर गॅस्केटची शंका घ्यावी. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. शेवटची तपासणी दुसऱ्या दिवशी, थंड इंजिनावर: कूलंटची पातळी, डिपस्टिकवरच्या तेलाचा रंग, गाडीखालची जमीन. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे.

आजच्या गाड्यांत संगणक आहे, चूक असेल तर इंजिनाचा दिवा लागेलच, असे कोणी म्हणेल. संगणक खरोखर बरेच ओळखतो. एक नंबरचा सिलिंडर मिसिंग करू लागला तर पी ०३०१, क्रँक आणि कॅमचा मेळ चुकला तर पी ००१६ असे कोड तो देतो. पण जिथे सेन्सर आहे तिथलेच त्याला कळते. अर्धा आवळलेला बोल्ट, उलटा बसवलेला क्लिप किंवा राहून गेलेला वॉशर पाहणारा सेन्सर गाडीत नसतो. शिवाय कोड येतो तो इंजिन फिरल्यावर, म्हणजे धोका पत्करून झाल्यावर. वेळ जातो हा आक्षेप खरा आहे, काही तास जातात. मात्र वाकलेल्या व्हॉल्व्हसाठी हेड पुन्हा उतरवायचे, तर त्याहून कितीतरी जास्त जातात. टॉर्क पाना महाग वाटत असेल तर तो कोणाकडून मागून आणता येतो, पण पाना आणि त्या इंजिनाचे मॅन्युअल यांच्याशिवाय हेडला हात लावू नये.

घरी दुरुस्ती करणाऱ्याला वर्कशॉपपेक्षा एक सोय जास्त असते: त्याच्यामागे पुढची गाडी उभी नसते. ही सोय त्याने तपासणीसाठी वापरावी. जोडणी आज संपवावी, तपासणी उद्या सकाळी करावी आणि शक्य असल्यास घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती यादी देऊन एकेक ओळ मोठ्याने वाचायला सांगावी. यादीतल्या ओळीसमोर बरोबरची खूण करायची ती प्रत्यक्ष भागावर बोट ठेवूनच. ज्या भागावर बोट ठेवता येत नाही, तो बसवलेला नाही असे धरून पुन्हा उघडून पाहण्याची तयारी ज्याची आहे, त्यानेच घरी इंजिन खोलावे.