नागपंचमीपासून मोजलेले दिवस

गर्भपाताच्या गोळ्या द्यायच्या की नाहीत, याचा निम्मा निकाल एका तारखेवर लागतो: शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. इगतपुरी तालुक्यात भाताच्या खाचरात दिवसभर वाकून राबणारी बाई ही तारीख आकड्यांत सांगत नाही. पितृपक्षातल्या एका ओल्या दुपारी इथल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीत, समोरच्या बाईची परवानगी घेऊन मी बसले होते. "आवणी चालू होती तेव्हा आली होती का?" डॉक्टरांनी विचारलं. नाही, नंतर. "मग नागपंचमीला?" बाई लगेच म्हणाली, "आदल्या दिवशीच बाजूला बसले ना मॅडम. वारुळाला गेलेच नाही." डॉक्टरांनी कॅलेंडरची पानं उलटून बोटाने दिवस मोजले. 45. सहा आठवडे आणि तीन दिवस.

आपल्याकडे या गोळ्यांची मर्यादा नऊ आठवड्यांची, म्हणजे 63 दिवसांची. ऐकायला मुदत मोठी वाटते. पण पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंतच त्यातले चार आठवडे गेलेले असतात. उरलेल्या पाचांत आशाताईकडच्या किटवर लघवीची तपासणी, घरी सांगायचं की नाही हा घोर, बुडणारी मजुरी आणि पावसाळ्यातला पाड्यावरचा रस्ता. उशीर होतो तो इथे.

तारीख जमली तरी गोळ्या लगेच हातात पडत नाहीत. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे आधी पाहावं लागतं. नळीत असेल तर या गोळ्यांचा उपयोग होत नाही. उलट पोटात दुखणं, अंगावरून जाणं ही लक्षणं गोळ्यांमुळेच आहेत असं समजून बाई घरी थांबते आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच दिसला. मग हिमोग्लोबिन: 9.8. आठच्या खाली असतं तर डॉक्टर गोळ्यांच्या वाटेला गेल्या नसत्या. तांबी बसवलेली आहे का, रक्त पातळ करणारं औषध किंवा बरेच दिवस स्टेरॉइड चालू आहे का, हेही विचारून झालं.

पाकिटात पाच गोळ्या. एकटी असते ती मिफेप्रिस्टोन, 200 मिलिग्रॅमची. गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचं काम ती रोखते. बाकीच्या चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी 200 मायक्रोग्रॅमच्या. त्यांनी पिशवी आकुंचन पावते. पहिली गोळी बाईने तिथेच पाण्याबरोबर घेतली. चार गोळ्या 24 ते 48 तासांनी. दोन-दोन दोन्ही गालांत धरायच्या आणि अर्ध्या तासाने उरलेलं गिळायचं.

डॉक्टरांचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो या चार गोळ्यांची वेळ ठरवण्यात. परवा घरी कोण असेल? फोनला रेंज कुठे येते? ओढ्याला पाणी आलं तर 108 ची गाडी कुठवर पोचेल? परवा सकाळी नणंद घरी असणार होती, सकाळच ठरली. रात्री घाटमाथ्यावर धुकं उतरल्यावर वेळ येऊ नये, म्हणून. गोळ्या उत्तम काम करतात, शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक बायकांना पुढे काही करावं लागत नाही. पण उरलेल्यांपैकी एखादी आपल्या समोर बसलेली असू शकते, हे धरूनच बोलणं चाललं होतं.

पॅडचा हिशेब बाईला लागू नव्हता, ती कापड वापरते. म्हणून डॉक्टरांनी घडी करून दाखवली. "एवढी जाड घडी तासात दोनदा चिंब झाली आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर थांबायचं नाही. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला, घाण वास आला, भोवळ आली तरी निघायचं." थंडी वाजणं, मळमळ, कळा, गाठी पडणं होणारच, कळांसाठी आयब्युप्रोफेन. थोडंथोडं अंगावरून जाणं दोन आठवडेही चालू शकतं.

संमतिपत्रावर सही करताना ती थबकली. "त्यांची सही लागेल?" नाही. 1971 च्या कायद्याला अठरा वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते, आणि तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. लग्न झालेलं नसलं तरी हक्क तोच. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये 20 ते 24 आठवड्यांच्या मुदतीबाबतही तो भेद अमान्य केला. हे गावोगाव माहीत असतं, तर चिठ्ठीशिवाय गोळ्या विकणाऱ्याकडे बायका गेल्या नसत्या. 2015 मध्ये देशात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यांतले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आला होता. महाराष्ट्रात तर लिंगनिदानाच्या धाकाने औषध दुकानदार या गोळ्या ठेवायलाच कचरतात. मुळात नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. स्त्रीभ्रूणहत्येवरचा राग योग्यच आहे, पण तो या पाकिटावर काढण्यात आपण गरजू बाईचीच वाट अडवतो, असं मला ठामपणे वाटतं.

पुढची पाळी येण्याआधीही पुन्हा दिवस राहू शकतात, हे ऐकून ती दचकली. 'अंतरा'चं इंजेक्शन, 'छाया' गोळ्या, तांबी असं सगळं समोर मांडलं गेलं. तिने इंजेक्शन निवडलं, ते पंधराव्या दिवशीच्या तपासणीला मिळणार होतं. त्या तारखेला बाजार नव्हता. घरातून काय सांगून निघणार, असं तिने विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी तारीख एक दिवस पुढे घेऊन घोटीच्या बाजाराच्या दिवसाला जुळवली.