कर्जबाजारी कारखान्याच्या किल्ल्या कोणाकडे?

धाराशिव जिल्ह्यांत ढोकी येथील तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना कर्जांत रुतला, त्याचें धुराडें थंडावलें, आणि शेवटीं जिल्हा मध्यवर्ती बँकेनें ताबा घेऊन तो दुसऱ्यास भाडेपट्ट्यानें चालवावयास दिला. कर्ज किती, हें आमच्या वाचकांनीं वर्तमानपत्रांत वाचलेंच असेल. आम्हांस प्रश्न पडतो तो निराळाच: कर्ज थकलें म्हणजे किल्ल्या कोणाच्या कमरेला असाव्यात?

ऋणाची पीडा आपल्या शास्त्रकारांस ठाऊक होतीच. मनूनें अठरा व्यवहारपदांत ऋणादानास पहिलें स्थान दिलें आहे. एकत्र कुटुंबांत कर्त्याचा व्यवहार फसला तर हाच पेंच येतो. त्याच्या किल्ल्या काढून घ्याव्यात, तर कोणत्या कुळाकडून किती येणें आहे हें सांगणार कोण? न घ्याव्यात, तर उरलेंसुरलेंही जाण्याचें भय.

अमेरिकेनें १९७८ च्या दिवाळखोरी कायद्याच्या अकराव्या प्रकरणांत ह्यास धीट उत्तर दिलें आहे. कंपनी न्यायालयांत गेली कीं धनकोंचे तगादे व जप्त्या तत्काळ थांबतात आणि कारभार जुन्याच मंडळींकडे राहतो. मात्र त्यांनीं आतां मालकाप्रमाणें नव्हे, विश्वस्ताप्रमाणें वागावयाचें. रोजचा खर्च त्यांनीं करावा. पण नेहमींच्या व्यवहाराबाहेर जमीन किंवा यंत्र विकावयाचें तर न्यायालयाची अनुज्ञा हवी. अनुज्ञेनें नवें कर्जही काढतां येतें, व फेडींत त्यास जुन्या देण्यांच्या आधींचा मान मिळूं शकतो. एरवीं बुडत्या धंद्यास पैसा देतो कोण? फेडीची योजना मांडण्याचा हक्क पहिले १२० दिवस कंपनीचाच. लबाडी अथवा घोर गैरकारभार आढळला तर त्रयस्थ विश्वस्त नेमला जातो. अमेरिकन एअरलाइन्स ही कंपनी नोव्हेंबर २०११ मध्यें ह्या वाटेनें गेली आणि डिसेंबर २०१३ मध्यें बाहेर पडली. मधल्या काळांत तिचीं विमानें उडतच होतीं.

आपल्याकडे १९८५ च्या आजारी उद्योगांच्या कायद्यांत कारभार बहुधा जुन्यांकडेच राही, आणि प्रकरणें वर्षानुवर्षें रेंगाळत. त्यानें पोळून २०१६ च्या कायद्यानें दुसरें टोक गांठलें: अर्ज दाखल होऊन स्वीकारला जातांच संचालक बाजूस, किल्ल्या त्रयस्थ व्यावसायिकाकडे. २०२१ मध्यें सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांपुरती मधली वाट काढण्यांत आली. कंपनीशीं नातें नसलेल्या वित्तीय धनकोंपैकीं रकमेच्या मानानें ६६ टक्क्यांनीं संमति दिल्यास संचालकांनींच कारभार चालवावा, व्यावसायिकानें नुसती देखरेख करावी, आणि १२० दिवसांत निकाल लावावा, असें ठरलें.

ढोकीसारख्या सहकारी कारखान्याचा संसार मात्र १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखालीं चालतो. तेथें संचालक मंडळ गेलें कीं प्रशासक येतो, नाहीं तर अवसायक. आणि येथेंच अमेरिकेचा दाखला तोकडा पडतो. विमान कंपनीचा धनको एक, ऋणको दुसरा. येथें कारखान्याचा सभासद शेतकरी, थकलेल्या उसाच्या बिलाचा धनकोही तोच, आणि कर्ज देणाऱ्या बँकेंतला ठेवीदारही कित्येकदां तोच. भट्टी विझली तर त्याचें तिन्ही बाजूंनीं नुकसान. संचालकांवर विश्वास नसेल तर त्यांस खुशाल दूर करावें; परंतु संचालक म्हणजे कांहीं सारा ऋणको नव्हे. आमच्या मतें अशा कारखान्याचा गळीत हंगाम सभासदांच्याच हातीं चालूं द्यावा, जुन्या देण्यांचे तगादे हंगामापुरते थोपवावेत, आणि बँकेचा एक माणूस वजनकाट्यावर व एक हिशेबाच्या मेजावर बसवावा.