वाटेत मोडलं तर कोण भरणार?
(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आमचं गाव चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्याला लागून आहे. आमच्या गटातल्या नऊजणी मोटारीचे मोठे भाग पॅक करायचं काम करतात. बंपर, बॉनेट, दरवाजे, फेंडर असे भाग दुकानदार आमच्याकडे आणून देतात, आम्ही ते बांधून ट्रान्सपोर्टला देतो. तुमच्यापैकी कुणाला असं काम चालून आलं, तर घ्यायच्या आधी आमची पहिली चूक ऐका.

पहिल्याच महिन्यात एका दुकानदाराने सहा बॉनेट दिली. आम्ही त्यांना वर्तमानपत्र गुंडाळलं, वर बबल रॅप, वर पुठ्ठा, आणि सुतळीने करकचून बांधलं. वर मोठ्या अक्षरात ‘नाजूक’ लिहिलं. कोल्हापूरला माल उतरला तेव्हा दोन बॉनेटचे कोपरे दुमडले होते आणि एकाचा पत्रा सुतळीखाली बसला होता. तिन्हींचे पैसे आमच्या मजुरीतून कापले गेले. नुकसान आमच्या हातून झालं की ट्रकमध्ये, हे सांगायला आमच्याकडे ना फोटो होता, ना कागद.

त्यानंतर आम्ही नीट शिकलो. माल तीन प्रकारे बिघडतो: घासून, दबून आणि आपटून. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

आधी घासणं. ट्रक सतत हादरत असतो. रंगावर धुळीचा एक कण राहिला आणि वरचं वेष्टण शेकडो किलोमीटर हलत राहिलं, की तोच कण रंग खरवडतो. म्हणून भाग आधी मऊ, कोरड्या फडक्याने पुसायचा. रंगाला लागून मऊ फोमचा पातळ कागद आणि त्याच्यावर बबल रॅप. बबल रॅप सरळ रंगावर नको, कारण उन्हात तापल्यावर फुग्यांचे वण उठू शकतात. वर्तमानपत्रही नको, ओल लागली तर शाई उतरते. चिकटपट्टी रंगाला कधीच लावायची नाही, ती वेष्टणावरच लावायची. भाग नुकताच रंगवलेला असेल तर रंगाऱ्याने ‘पूर्ण वाळला’ असं सांगितल्याशिवाय हात लावू नका.

दुसरं दबणं. बॉनेट मध्ये फुगीर असतं. आडवं ठेवलं की हमाल त्याच्यावर दुसरं ओझं टाकतो आणि मधला पत्रा बसतो. म्हणून बॉनेट उभं ठेवायचं, लांब सरळ कड खाली आणि कडेखाली जाड फोम. भार पूर्ण कडेवर पडला पाहिजे, एका कोपऱ्यावर नाही. बंपर प्लास्टिकचा, आतून पोकळ. तो सहसा मोडत नाही, पण दाबला तर त्याला घडी पडते आणि ती सहज जात नाही. त्याच्या पोकळीत पुठ्ठ्याच्या गुंडाळ्या भरा. दोन्ही टोकं आत दबू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची आडपट्टी बसवा. बांधायला सुतळी नको, रुंद पट्टी वापरा आणि पट्टीखाली पुठ्ठ्याचा कोन ठेवा.

तिसरं आपटणं. माठ गाडीत भरताना आपण पेंढा कुठे घालतो? माठाच्या खाली, बाजूने आणि दोन माठांच्या मध्ये. इथेही तसंच. आधी कोपरे, मग कडा, मग उरलेली जागा. प्रत्येक कोपऱ्याला फोमची टोपी घालायची आणि भाग व खोक्याच्या भिंतीमध्ये चार बोटं जागा ठेवून ती घट्ट भरायची. दरवाजाचा आरसा निघत असेल तर काढून वेगळा बांधा. खोकं बंद केल्यावर दोघींनी उचलून हलवून बघा. आतून आवाज आला किंवा काही सरकलं, तर पुन्हा उघडा.

खोकं निदान पाच पदरी घ्या, जड दरवाजाला सात पदरी. पुठ्ठ्याच्या आतल्या नाल्या उभ्या हव्यात, तेव्हाच तो भार पेलतो. ओला पुठ्ठा भार पेलत नाही, म्हणून पावसाळ्यात बाहेरून प्लास्टिक गुंडाळा आणि माल जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा.

मग खोकं मोठंच घ्यावं का? तसंही नाही. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, जागाही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचं. १८० लांब, ६० रुंद, ५० उंच खोक्याचं वजन असं १०८ किलो धरलं जातं, आत बंपर चार-पाच किलोचा असला तरी. तेच खोकं ४० उंच केलं तर ८६.४ किलो. दहा सेंटिमीटरमध्ये साडेएकवीस किलोचं भाडं वाचलं. भागायचा आकडा प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, म्हणून आधी विचारा आणि मगच दुकानदाराला दर सांगा.

आता कागद, कारण आमचं खरं नुकसान तिथेच झालं होतं. माल आला की पॅक करण्याआधी चारही बाजूंनी फोटो. जुना ओरखडा असेल तर तो दुकानदाराला दाखवून वहीत लिहायचा आणि सही घ्यायची. खोक्यात ठेवल्यावर एक फोटो, बंद केल्यावर एक, ट्रान्सपोर्टच्या पावतीसकट एक. या पावतीला कुणी बिल्टी म्हणतात, कुणी एलआर. तिच्यावर नगांची संख्या आणि मालाची किंमत लिहिली आहे का ते बघा. ‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का असेल तर दुकानदाराला फोन करून सांगा. रस्ते मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. त्यात जास्त किंमत जाहीर करून जास्त दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची भरपाई भाड्याच्या ठराविक पटीपुरतीच राहते. आणि दावा लावायचा तर माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. महागड्या मालाचा विमा काढायचा की नाही, हे दुकानदाराने ठरवायचं, पण विचारायचं आपण.

माल घेणाऱ्यालाही निरोप द्या: खोकं फाटलेलं किंवा दबलेलं दिसलं तर पोचपावतीवर तसं लिहूनच सही करावी.

एक गोष्ट मात्र नाकारा. न फुटलेली एअरबॅग किंवा गाडीची बॅटरी साध्या मालात बांधायची नाही. तो धोक्याचा माल आहे, त्याचे नियम वेगळे.

आता काम घेतानाच आम्ही कागदावर लिहून घेतो: पॅकिंगच्या चुकीने बिघडलं तर आम्ही भरू, वाटेत बिघडलं तर नाही. पहिल्यांदा हे बोलताना जीभ अडखळली होती. एक दुकानदार काम परत घेऊन गेलासुद्धा. बाकीचे थांबले, कारण फोटोंची वही बघून त्यांनाही भरवसा वाटला. तुमचा गट पापड पाठवत असो की बंपर, मजुरी ठरवण्याआधी हा एक प्रश्न नक्की विचारा: वाटेत मोडलं तर कोण भरणार?