मुक्तस्रोत प्रकल्पांतील सहकार्य आणि फाटे : दोन उदाहरणांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
मुक्तस्रोत आज्ञावलीचा सोर्स कोड कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येतो. त्यामुळे मूळ प्रकल्पाशी मतभेद झालेल्या गटास तोच कोड घेऊन स्पर्धक प्रकल्प सुरू करता येतो. यास 'फोर्क' म्हणजे फाटा म्हणतात. हा हक्क परवान्यानेच दिलेला असल्याने प्रश्न हक्काचा नसून औचित्याचा आहे. फाटा फुटला की मनुष्यबळ विभागले जाते आणि तीच दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते. मग सहकार्य सोडावे केव्हा? प्रस्तुत लेखात दोन उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

जीसीसी आणि ईजीसीएस :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला जीसीसी हा कंपायलर, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली होय. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या या प्रकल्पात बदल स्वीकारण्याचा अधिकार मोजक्या व्यक्तींकडे होता. स्थैर्य जपण्याचा त्यांचा हेतू रास्त होता. तथापि बाहेरून आलेल्या सुधारणा दीर्घकाळ पडून राहत. अखेर १९९७ मध्ये काही विकसकांनी ईजीसीएस हा फाटा काढला आणि विखुरलेल्या सुधारणा त्यात एकत्र आणल्या. मात्र परवाना तोच ठेवला व योगदानाचे स्वामित्वहक्क फाउंडेशनकडे सोपविण्याची पद्धतही मोडली नाही. त्यामुळे एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने ईजीसीएसलाच अधिकृत जीसीसी म्हणून स्वीकारले, तेव्हा कायदेशीर अडसर उरला नव्हता.

ओपनऑफिस आणि लिब्रेऑफिस :
जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी घेतली व ओपनऑफिसही तिच्याकडे गेले. प्रकल्पावरील कंपनीचे नियंत्रण आणि योगदानाचे हक्क कंपनीस देण्याची अट यांविषयीची नाराजी जुनीच होती. सप्टेंबर २०१० मध्ये 'द डॉक्युमेंट फाउंडेशन' स्थापन होऊन लिब्रेऑफिस जन्मास आले. २०११ मध्ये ओरॅकलने ओपनऑफिस अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिले. म्हणजे तक्रारीचे मूळ कारण दूर झाले. तरीही ऐक्य झाले नाही. परवान्यांतील भेदामुळे ओपनऑफिसमधील कोड लिब्रेऑफिसला घेता येतो, उलट दिशेने मात्र तो सहजी जात नाही. पुढे विकसकांची उणीव एवढी वाढली की २०१६ मध्ये ओपनऑफिस बंद करावे काय, याची चर्चा त्या प्रकल्पातच झाली.

विवेचन :
दोन्ही ठिकाणी फाटा फुटण्याचे कारण तांत्रिक नव्हते. निर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा वाद होता. दोन्ही ठिकाणी फाट्यामुळेच काम पुढे सरकले. भेद आहे तो परतीच्या वाटेचा. ईजीसीएसने ती राखली. ओपनऑफिसच्या बाबतीत ती परवान्यांनी अरुंद केली. या विभागणीचा भार लहान भाषांवर अधिक पडतो. मराठीकरणासाठी वेळ देणारे हात मुळात थोडे. तेच दोन प्रकल्पांत वाटले गेल्यास दोन्हीकडील काम अपुरे राहते.

निष्कर्ष :
१) सुधारणा सुचवून, चर्चा करूनही मार्ग न निघाल्यासच फाटा समर्थनीय ठरतो.
२) फाटा काढताना परवाना व स्वामित्वहक्क यांची व्यवस्था पुनर्मीलनास अनुकूल ठेवावी.
३) फाट्याची शक्यता हाच मूळ प्रकल्पाच्या चालकांवरील अंकुश आहे, म्हणून तो हक्क अबाधित राहणे सहकार्याच्याही हिताचे आहे.

सारांश, सहकार्य आणि स्पर्धा येथे परस्परविरोधी नाहीत. वेगळे होण्याची मोकळीक असते म्हणूनच एकत्र राहण्यास अर्थ प्राप्त होतो.