कवी की कवि? संगणक कसं ठरवतो

मराठी लेखात हिंदी उतारा घेतला की पडद्यावर तांबड्या नागमोडी रेषा उमटू लागतात. इंग्रजी शब्द रोमन लिपीत असेल तर संगणक तो लगेच वेगळा काढतो. मराठी आणि हिंदीची देवनागरी मात्र युनिकोडमध्ये एकच आहे, त्यामुळे नुसत्या अक्षरांवरून भाषा कळत नाही. म्हणून वर्ड किंवा लिबरऑफिसमध्ये मजकुराला भाषेची अदृश्य खूण जोडलेली असते आणि तिच्यानुसार शब्दकोश निवडला जातो.

दोन्ही शब्दकोश एकदम लावले तर? फायरफॉक्समध्ये 2022 पासून तशी सोय आहे. पण मराठीत ‘कवी’ दीर्घ आणि हिंदीत ‘कवि’ ऱ्हस्व. दोन्ही कोश चालू असले की मराठी वाक्यातला ‘कवि’ बिनबोभाट सुटतो. म्हणूनच उतारा निवडून त्याची भाषा ‘हिंदी’ ठरवण्याचे कष्ट घ्यावेत, असं मला ठामपणे वाटतं.

खरी कसोटी प्रत्ययांची. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ हा शब्द कुठल्या कोशात सापडणार? लास्लो नेमेत यांनी हंगेरियनसाठी घडवलेलं शुद्धलेखन तपासणारं हन्स्पेल इथे कामी येतं, कारण ती भाषाही प्रत्ययांवर प्रत्यय चढवते. त्यात मूळ शब्दांची एक फाइल असते, प्रत्ययांच्या नियमांची दुसरी. आपण तर इंग्रजी शब्दालाही मराठी प्रत्यय लावतो. ‘ऑफिसातल्यांना’ हे रूप ओळखायला इंग्रजी कोशाचा काहीच उपयोग नाही; ‘ऑफिस’ मराठी कोशातच, सामान्यरूपाच्या नियमासकट नोंदवावा लागतो.