उन्हाने भाजलेली त्वचा : पहिले तीन दिवस आणि त्यानंतर

आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल की, सनबर्न हा काय व्याख्यानाचा विषय झाला? ते गोऱ्या लोकांचं दुखणं. आपण उन्हातान्हातच वाढलेली माणसं, आपण फार तर काळवंडतो. आपण सुरुवात याच समजुतीपासून करू, कारण पुढे उपचारात जी गडबड होते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आपल्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त असतं, म्हणून आपण उशिरा भाजतो. पण उशिरा भाजणं म्हणजे न भाजणं नव्हे. मे महिन्यात सूर्य महाराष्ट्राच्या जवळजवळ डोक्यावर असतो. अशा वेळी तारकर्लीला किंवा मालवणला स्नॉर्केलिंगला गेलेला माणूस तासभर पाण्यात पालथा तरंगतो. नजर खाली माशांवर आणि पाठ वर उन्हाला. पाणी गार असल्यामुळे काही जाणवत नाही. रात्री पाठ टेकवत नाही तेव्हा कळतं.

आणि तेव्हाही नीट कळतं असं नाही. सनबर्न म्हणजे लालबुंद त्वचा, हे वर्णन गोऱ्या त्वचेचं आहे. सावळ्या त्वचेवर तो लालपणा लपून जातो. म्हणून आपल्याकडे बघण्यापेक्षा हात लावून पाहणं महत्त्वाचं. पालथा हात टेकवा. तो भाग बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागतो का? ताणल्यासारखा वाटतो का? सदऱ्याचा नुसता स्पर्शही सहन होत नाही का? तसं असेल तर रंग काहीही असो, त्वचा भाजली आहे असं समजायचं.

आता हे भाजणं नेमकं काय असतं ते पाहू. तव्याचा चटका बसतो तो उष्णतेने. उन्हाचं भाजणं वेगळं आहे. ते अतिनील किरणांमुळे होतं, आणि हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगालाही जाणवत नाहीत. उन्हाची जी ऊब आपल्याला लागते ती दुसऱ्या किरणांची. म्हणून गार वाऱ्यात, ढगाळ दिवशी, पाण्यात आणि अगदी बर्फातसुद्धा माणूस भाजतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे लक्षात ठेवावं : दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतले ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणून तिथे हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्यांच्या कडाही भाजतात.

हे किरण पेशींच्या आतल्या डीएनएला इजा करतात. काही पेशी ती इजा दुरुस्त करतात; ज्यांना ते शक्य नसतं त्या स्वतःला संपवतात. या धावपळीत शरीर त्या जागी रक्तपुरवठा वाढवतं आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सोडतं. आपल्याला लागणारी आग, सूज, ठणका हे सगळं त्यातून येतं. पण याला वेळ लागतो. उन्हातून आल्यावर तीन ते सहा तासांनी त्रास सुरू होतो, १२ ते २४ तासांत तो कळसाला जातो आणि सहसा तीन दिवसांत ओसरू लागतो. म्हणजे संध्याकाळी जेवढं दुखतंय तेवढ्यावरून अंदाज बांधायचा नाही. उद्या सकाळी ते वाढणार आहे, हे धरून चालायचं.

यातूनच आजचा मुख्य मुद्दा निघतो. त्रास जाणवतो तोवर इजा होऊन गेलेली असते. कुठलंही मलम ती पुसून टाकू शकत नाही. शरीराने दुरुस्ती सुरू केलेली असते. आपलं काम एवढंच : त्रास कमी करायचा आणि दुरुस्तीच्या आड यायचं नाही.

मग करायचं काय? पहिलं, उन्हातून बाजूला व्हा. दुसरं, गार पाणी. गार म्हणजे नळाचं किंवा माठाचं, बर्फाचं नव्हे. बर्फ थेट लावला तर आधीच दुखावलेल्या त्वचेला आणखी इजा होते. गार पाण्याने अंघोळ करा, नाहीतर मलमलीचं किंवा जुन्या सुती धोतराचं फडकं भिजवून १०-१५ मिनिटं ठेवा. दिवसातून चार-पाच वेळा केलं तरी चालेल. साबण, उटणं, घासणी काही नको.

तिसरं, अंग टिपून घ्या, चोळू नका, आणि त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा. कॅलामाइन चालेल, कोरफडही चालेल. फक्त घरच्या कोरफडीचं पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो तो आधी निथळून जाऊ द्या. त्याने त्वचा चुरचुरते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलिनचा जाड थर पहिल्या दिवशी नको. त्याने आतली उष्णता कोंडते. आग शमल्यावर, साल निघायच्या दिवसांत ते उपयोगी पडतं.

चौथं, पाणी प्या. भाजलेली त्वचा ओलावा धरून ठेवू शकत नाही, शिवाय उन्हात घाम गेलेला असतोच. पाणी, ताक, सरबत, जलसंजीवनी, जे जाईल ते. लघवी गडद पिवळी होत असेल तर अजून कमी पडतंय असं समजा.

पाचवं, वेदनाशामक. आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतं, म्हणून लवकर घेतलं तर ठणका आणि सूज दोन्ही कमी होतात. मात्र अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, दमा असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल किंवा अंगातलं पाणी फार कमी झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पॅरासिटामॉल दुखणं कमी करतं, सूज नाही. लहान मुलांना ॲस्पिरिन द्यायचं नाही.

आता काय करू नये. फोड आले तर फोडू नका. फोडावरची कातडी म्हणजे निसर्गाने बांधलेली पट्टीच असते. ती काढली की जंतूंना दार उघडं. सुटणारी सालही ओढू नका. टूथपेस्ट लावू नका. आणि लिंबू तर मुळीच नको. 'टॅन घालवायला लिंबू' हा सल्ला घरोघरी ऐकू येतो. पण लिंबाच्या रसात आणि सालीत अशी द्रव्यं असतात की ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्यानेच नवा भाजका चट्टा आणि फोड येतात. आणखी एक : औषधाच्या दुकानात 'गोरेपणाचं' म्हणून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली क्रीम. ती मनाने लावू नका. त्वचा पातळ होते आणि दुखणं लांबतं.

घरी थांबायचं कुठवर? मोठ्या भागावर फोड आले, चेहरा सुजला, थंडी वाजून ताप आला, उलट्या होऊ लागल्या, पू दिसला, किंवा भाजलेलं बाळ वर्षाच्या आतलं असेल, तर डॉक्टरांकडे जा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत असेल, उजेड सहन होत नसेल, तर डोळ्यांचा पुढचा पडदाही भाजलेला असू शकतो. डोळे चोळू नका, दाखवून घ्या. आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपू लागली, अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. तिथे मलम शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, आणि गाडी येईपर्यंत सावलीत घेऊन कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला.

एक प्रश्न आम्ही रुग्णांना नेहमी विचारतो : सध्या कोणती गोळी चालू आहे? पावसाळ्यात पुराच्या पाण्यातून गेल्यावर लेप्टोसाठी जी डॉक्सिसायक्लिन देतात, तिच्यामुळे त्वचा उन्हाला हळवी होते. काही मुरुमांची आणि लघवी वाढवणारी औषधंही तसं करतात. थोड्याशा उन्हानेही जास्त भाजलं असेल तर हे डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून साल निघते, खाज सुटते. खालची त्वचा कोवळी असते. ती आठवडाभर तरी सैल सुती कपड्याखाली झाकून ठेवा. त्वचा पुरती भरून आल्यावरच सनस्क्रीन लावायला घ्या. आपल्या त्वचेवर मागे काळे डाग राहतात, ते जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. घाईने घासून ते जात नाहीत, उलट गडद होतात. ऊन टाळलं की त्यांचे ते फिके होतात.

शेवटी एवढंच. साल निघाली, दुखणं थांबलं, म्हणून सगळा हिशेब मिटला असं नसतं. पेशींना झालेली इजा प्रत्येक वेळी शंभर टक्के दुरुस्त होत नाही, ती वर्षानुवर्षं साठत जाते. म्हणून पुढच्या वेळी पाण्यात उतरताना लांब बाह्यांचा सदरा घाला, मुलांनाही घाला. दुपारी अकरा ते चार सावली बघा.