जवळ मिरची कांडप कुठंय?

उन्हाळ्यात मिरच्या वाळल्या की हल्ली फोनलाच विचारलं जातं, "जवळ मिरची कांडप कुठंय?" मागच्याच गल्लीत नवं कांडप सुरू झालेलं असतं, पण फोन पार गावाच्या दुसऱ्या टोकाचं दुकान सांगतो. नव्या दुकानाची पाटी असते 'अमुक एंटरप्रायझेस'. त्यात ना मिरची, ना कांडप.

फोनला नीट ऐकू आलं नाही, असं नसतं. आपला आवाज सेकंदाला साधारण 16,000 वेळा मोजला जातो. सुमारे 25 मिलिसेकंदांच्या एकेका तुकड्यात कोणत्या वारंवारितेचा जोर किती, हे तपासून न्यूरल नेटवर्क शब्दांचा अंदाज बांधतं. कोणत्या शब्दामागे कोणता येण्याची शक्यता जास्त, तेही पाहतं. गूगलचा आवाजी शोध 2017 पासून मराठी ऐकतो. पण वाक्य एकदा ओळखलं की पुढचा शोध टाइप केल्यासारखाच. दुकानाविषयी जे कुठेतरी नोंदलेलं असेल, तेच सापडणार.

जवळची दुकानं सुचवताना गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहतं: मागणीशी मेळ, अंतर आणि लौकिक. नव्या दुकानाला लौकिक नसतो, अंतर जागा घेतानाच ठरलेलं असतं. हातात उरतो तो मेळ, आणि सगळी मेहनत तिथेच घालायला हवी. गूगलवरची व्यवसायनोंद फुकट आहे. तिथे पाटीवरचंच नाव द्यावं लागतं, उगाच शब्द जोडणं नियमात बसत नाही. म्हणून पाटी रंगवायच्या आधीच विचार करावा. 'अमुक मसाला कांडप' हे नाव माणसालाही कळतं, यंत्रालाही. नकाशावरची खूण दाराशीच हवी. वेळा आणि साप्ताहिक सुट्टीही अचूक हवी, कारण "आत्ता कुठलं उघडं आहे?" असं विचारल्यावर वेळ न नोंदवलेलं दुकान मागे पडतं.

'पैसे द्या, पहिला नंबर मिळवून देतो' म्हणणाऱ्यांना दारातूनच परत पाठवावं. जवळच्या दुकानांच्या यादीतली वरची जागा विकत मिळत नाही, हे गूगलनंच स्पष्ट सांगितलंय. नवख्या दुकानदाराचं भांडवल असं वाया जाताना पाहवत नाही.

त्यापेक्षा मिरच्या घेऊन आलेल्या मावशींनाच विचारावं, "फोनला काय विचारलं असतं?" कुणी 'चटणी कुटायची' म्हणेल, कुणी 'तिखट करायचं', कुणी 'डंकी'. हे शब्द जसेच्या तसे व्यवसायनोंदीतल्या सेवांच्या यादीत लिहावेत.